फलकावर समुपदेशक म्हणून माझं नाव आहे, पण मी ग्रंथपाल आहे. ट्रस्टकडे नेमकं काय मागू?

वाचनखोली (इंदूर)

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिणार आहे, दोन ओळींत आटपणारी गोष्ट नाही.

मी इंदूरच्या एका मराठी ट्रस्टच्या शाळेत ११ वर्षं ग्रंथपाल आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. सहावी ते बारावी, ६४० मुलं, एमपी बोर्ड, फी बेताची. रामबाग, लोकमान्य नगर, जेल रोड, पार सुदामा नगरपासून मुलं येतात. निम्मी मराठी घरांतली आहेत, पण फाटकाच्या आत आली की सगळ्यांची बोली हिंदी.

२५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आमच्याकडे धावपळ सुरू झाली. ज्या संस्थेत १०० किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथे किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि त्याचं मुलांच्या मानसिक आरोग्याचं शिक्षण झालेलं हवं, असं त्यात आहे. आमच्याकडे असं कोणीच नव्हतं. प्राचार्य मॅडमनी बोलावलं, म्हणाल्या, "ताई, मुलं तुमच्याशी बोलतात ना, मग तुमचंच नाव देते." चार दिवसांत दर्शनी फलकावर माझं नाव आणि पुढे 'परामर्शदाता'. मी दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण केलं, त्याचं प्रमाणपत्रही आलं. बाकी कामं तीच: पुस्तकं, नोंदी, बोर्डाचे फॉर्म तपासणं, कुणी रजेवर असलं की त्यांचा पीरियड.

मुलं माझ्याशी बोलतात हे खरं आहे. रिसेसमध्ये वाचनालयात येणाऱ्या सगळ्यांनाच पुस्तक हवं असतं असं नाही. पुस्तकवाली मुलं दारातून सरळ कपाटाकडे जातात. ज्यांना मैदानावर जायचं नसतं ती दारात घुटमळतात, आत कोण कोण आहे ते बघतात, मग भिंतीकडची जागा धरतात. इतक्या वर्षांत मला ती चालण्यावरून कळायला लागली आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतली एक मुलगी रोज यायला लागली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) पहिल्या दिवशी विचारलंन, "मैम, घंटी तक यहाँ बैठ जाऊँ?" नकाशांचं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम दीड फूट जागा आहे, तिथे खाली बसायची. मांडीवर पक्ष्यांचं एक पुस्तक, पान ४१ उघडं. तिसऱ्या दिवशीही ४१. डबा सोबत असायचा, पण उघडायची नाही. झाकणाची क्लिप नखाने वर करायची, परत बसवायची. टक्, टक्. तेवढाच आवाज.

मी काही विचारलं नाही. आठ-दहा दिवसांनी मी जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत होते, तिच्या हातात कात्री आणि खाकी कागद दिला, म्हटलं एवढं कापून दे. कापता कापता बोलायला लागली. सुरुवात हिंदीत केली, आणि रडू फुटलं तशी मराठीवर आली. घरातलं होतं. काय ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

पुढे मी जे केलं त्यातूनच हा प्रश्न निघाला आहे. मला वाटलं वर्गशिक्षिकेला माहीत असलेलं बरं, ती जरा सांभाळून घेईल. म्हणून स्टाफरूममध्ये तिला सांगितलं. तिनेही चांगल्याच हेतूने पालक-शिक्षक सभेत मुलीच्या आईकडे विषय काढला. आईच्या मागे रांगेत चार पालक उभे होते, त्यांतल्या एक त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या. त्या सोमवारपासून मुलगी वाचनालयात आलेली नाही. जिन्यात समोर आली की मान खाली घालते. पक्ष्यांचं पुस्तक तिच्याकडेच आहे, मुदत कधीच उलटली. मी आठवण पाठवलेली नाही, पाठवणारही नाही.

ती माझ्याजवळ विश्वासाने बोलली आणि मी तो विश्वास तिला न विचारता दुसऱ्याच्या हातात दिला. हे मला रात्री-अपरात्री आठवतं.

आता प्राचार्य म्हणतात, पुढच्या सत्रासाठी काय हवं ते एका पानात लिहून द्या, ट्रस्टच्या बैठकीत ठेवते. बैठक १२ दिवसांवर आहे. "माझं नाव काढा" एवढंच लिहून मोकळं होता येईल, पण मग मुलांना आज जी एक कोपऱ्यातली जागा आहे तीही जाईल. पैसे थोडे आहेत. एका पानात काय मागू? सगळ्यात आधी काय? ज्यांनी शाळेत हे काम केलंय, किंवा ज्यांची मुलं यातून गेलीत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवांत_खोली

ताई, मी समुपदेशक आहे, इंदूरमधल्याच दोन शाळांत आठवड्यातून दोन-दोन दिवस जाते. तुमचं लिहिणं वाचून कात्रीपाशी थांबले. हाताला काम असलं की मुलं बोलतात. हिवाळ्यात मी खोलीत मटारच्या शेंगा ठेवते, सोलता सोलता मोठमोठे मुलगेसुद्धा बोलून जातात.

चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती तुमच्या एकटीची नाही. बोलणं सुरू व्हायच्या आधी गुप्ततेची हद्द सांगायची असते आणि ते तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. मी प्रत्येक मुलाला पहिल्या भेटीत हे सांगते: "तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुला स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, कुणी तुला इजा करत असेल, किंवा तू दुसऱ्या कुणाला करणार असशील, तर ते मी एकटी ठेवून घेऊ शकत नाही. तेव्हाही आधी तुला सांगेन, मग पुढे." मुलं हे ऐकून गप्प होतील अशी मला सुरुवातीला भीती वाटायची. उलट त्यांना बरं वाटतं. हद्द कुठे आहे ते कळलं की कुठवर बोलायचं ते त्यांचं त्यांना ठरवता येतं.

वर्गशिक्षकांना किती सांगायचं? त्यांनी काय करायला हवं तेवढंच. "पुढचे पंधरा दिवस तिला फळ्यापाशी बोलावू नका, आणि मधेच बाहेर जायचं म्हणाली तर जाऊ द्या." कारण सांगायची गरज नाही. शहाणे शिक्षक विचारतही नाहीत. मुलाशी ठरवून, त्याच्या देखत सांगितलं तर आणखी चांगलं.

एक गोष्ट मात्र त्या पानात ठळक लिहा. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. ज्याला कळलं त्याच्यावर ती जबाबदारी येते, मग तो प्राचार्य असो की ग्रंथपाल. शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ट्रस्टी मंडळींना हे बैठकीतच माहीत झालं पाहिजे, म्हणजे ऐन वेळी तुमच्यावर दबाव येणार नाही.

आणि मरणाची भाषा. एखादं मूल "नकोसं झालंय" म्हणालं तर सरळ विचारायचं: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने त्याच्या डोक्यात ते भरत नाही. आतापर्यंत एकट्याने ओढलेलं बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर त्या दिवशी त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, पालकांना फोनवर सगळं न सांगता शाळेत बोलवून घ्यायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असो, सुट्टी असो, १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि अजून कितीतरी शाळांच्या भिंतीवर हा आकडा नाही. तुमचं नाव काढून त्या जागी आधी हा नंबर लावा. शेजारी मुलांसाठीचा १०९८.

खोलीबद्दल एकच सांगते. प्राचार्यांच्या खोलीसमोरची, काचेच्या दाराची दिली तर घेऊ नका. तिथे जाताना मुलाला सगळी शाळा बघते.

दहावी_ब

ताई, मी गणित शिकवतो, टिळक नगरकडच्या शाळेत. वर्गशिक्षिकेच्या बाजूनेही कुणी बोलावं म्हणून लिहितो. माझ्या वर्गात ५२ मुलं आहेत. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता, त्यात मूल रडत आलं तर काय करायचं हे कुठे नव्हतं. तुमच्या बाईंनी जे केलं ते उद्या माझ्याकडूनही झालं असतं. त्यांना बाजूला ठेवून समुपदेशकाची खोली बांधाल तर ती खोली वर्गापासून तुटलेली राहील.

आम्हाला जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. वहीत समास आखणारा मुलगा अचानक समास सोडून कडेपर्यंत लिहायला लागतो. उत्तर बरोबर असतं, पण अक्षर ओळखू येत नाही. चाचणीच्या दिवशी दर वेळी तिसऱ्याच पीरियडला पोट दुखतं. एक मुलगी नेहमी दुसऱ्या बाकावर बसायची, महिन्याभरात सरकत सरकत शेवटच्या बाकावर गेली, मी ते पाहिलं आणि काही केलं नाही. काय करायचं माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायचं तेही माहीत नव्हतं.

तुम्ही ज्या निकालाचं लिहिलंत त्यातच आहे की शिक्षक आणि शिक्षकेतर, सगळ्या कर्मचाऱ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हायला हवं: धोक्याच्या खुणा ओळखणं, पहिला मानसिक आधार कसा द्यायचा, पुढे कुणाकडे पाठवायचं. हे मागा. पालकांशी बोलायची पद्धतही त्यातच शिकवायला सांगा. रांगेत उभ्या पालकांसमोर खाजगी विषय काढायचा नाही, हे ऐकायला साधं वाटतं, पण आमच्याकडे कुणी कधी म्हटलेलं नाही.

त्याच निकालातली आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. शक्यतो गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नका, असंही त्यात आहे. आमच्याकडे 'अ' तुकडी हुशारांची, 'ड' तुकडी उरलेल्यांची. ड च्या वर्गात पहिल्या दिवशी गेलो तर एक मुलगा म्हणाला, "सर, आप भी फेल हुए क्या, यहाँ भेज दिया?" बारा वर्षांचा मुलगा. त्याला समुपदेशक दिला तरी रोज सकाळी तो त्याच दारातून आत जाणार आहे. तुमच्याकडे अशा तुकड्या असतील तर तेही त्या पानात घाला. पैसे लागत नाहीत त्याला.

वाचनखोली

सर, आहेत. क तुकडी. आणि तुम्ही बाईंबद्दल लिहिलंत ते वाचून मी आज तिच्याजवळ जाऊन बसले. ती मनाने मोडली आहे, माझ्याशी बोलायला घाबरत होती. मी इतके दिवस मनात तिच्यावर दोष ठेवत होते हे मला तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कळलं. आता पान आम्ही दोघी मिळून लिहू.

निवांत ताई, खोली प्राचार्यांच्या समोरचीच देताहेत! काचेचीच. नाही म्हणेन.

एक राहिलं. ट्रस्टमध्ये एक काका आहेत, प्रामाणिक माणूस, पण विचारणार: "अशी मुलं असून असून किती असतील? दोन-चार? त्यासाठी पगारी माणूस?" त्यांना काय सांगू?

समाजकार्य_१९९८

मी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्याच्या कामात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. काकांना आकडा सांगा. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये जो राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा मोठा अभ्यास केला त्यात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करण्याजोगा मानसिक त्रास आढळला. तुमच्या शाळेत नववी ते बारावी मिळून किती? समजा २१०. म्हणजे पंधराएक मुलं. वर्गावर्गांत विखुरलेली असतात म्हणून दोन-चार वाटतात. त्यांतली बरीचशी त्रास देत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

आता "पगारी माणूस कशाला, शिक्षकच करतील की" याचं उत्तर. हा प्रयोग आपल्याच देशात करून झालाय. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाने काम झालं, गोव्याच्या संगथ संस्थेने केलेलं. काही शाळांत या एकाच कामासाठी एक प्रशिक्षित माणूस नेमला, काहींत तेच काम तिथल्या एका शिक्षकावर सोपवलं, काहींत नेहमीचंच चालू ठेवलं. नेमलेली माणसं मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, साधी, शिकवून तयार केलेली. निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. वेगळा माणूस होता तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि एकमेकांना छळणं कमी झालं. शिक्षकावर सोपवलं तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असं नाही. तास, परीक्षा, जनगणना, निवडणूक यांतून त्यांच्या हाती वेळच उरत नाही, आणि जो गुण देतो त्याच्याजवळ मन मोकळं करणंही मुलांना जड जातं. ग्रंथपाल ताई, हे तुम्हालाही लागू आहे. तुमच्याकडे पुस्तकं आहेत आणि बदली पीरियड आहेत.

त्या शाळांतला माणूस खोलीत बसून वाट बघत नव्हता, हे नीट लक्षात घ्या. प्रार्थनेच्या वेळी बोलायचा, भित्तिपत्रक चालवायचा, चिठ्ठ्यांची पेटी ठेवायचा. मुलांना त्याचा चेहरा रोजचा झाला होता. खोलीचं दार मुलं त्यानंतर वाजवतात. पेटी लावाल तर एक सांभाळा: किल्ली एकाच माणसाकडे, आणि आठवड्यातला उघडायचा दिवस पक्का. उघडली जात नाही असं एकदा मुलांना कळलं की त्यात चॉकलेटचे कागद येतात.

पैशांचं. पूर्णवेळ माणूस परवडत नसेल तर दोन-तीन ट्रस्टच्या शाळांनी मिळून एक ठेवा, इंदूरला मराठी संस्था काही कमी नाहीत. तुमच्याकडे मंगळवार-शुक्रवार, दुसरीकडे बाकीचे. पण वार ठरलेले असू द्या. "येतील तेव्हा येतील" अशा माणसाची वाट मूल बघत नाही.

नेमताना पदवी बघा. समुपदेशक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिस्ट यांत लोक गल्लत करतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असते, नंबर मागा, लाज वाटून घेऊ नका. समुपदेशक मानसशास्त्र किंवा समाजकार्यात एम.ए. झालेला, मुलांबरोबर काम केलेला हवा. आणि त्याच्या पाठीमागे डॉक्टर हवा. कुठल्या दवाखान्यात, कोणत्या ओपीडीत, कोणत्या वारी, सोबत कोण जाणार, हे आधी जाऊन, भेटून, कागदावर लिहून ठेवा. एम.वाय. हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय आहे. बाणगंगेचं नाव काढलं की पालक खुर्चीतून उठतात, हे मी आयुष्यभर पाहिलंय. म्हणून शाळेतला ओळखीचा माणूस पहिल्या खेपेला सोबत गेला पाहिजे. चिठ्ठी लिहून दिली की दहातले बरेच पालक दवाखान्याच्या फाटकावरून परत फिरतात.

प्रशिक्षणाचं साहित्य विकत घ्यायची गरज नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली सरकारी शाळांसाठी शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून तयार करायचे, असा. ११ विषय आहेत, त्यात एक भावनिक आणि मानसिक आरोग्याचा. एनसीईआरटीने त्यासाठी केलेली पुस्तिका कुणालाही वाचता येते.

सुदामानगरची_आई

ताई, मी या विषयातली कोणी नाही. माझ्या मुलाची गोष्ट सांगते, तुमच्या पानात उपयोगी पडली तर बघा.

तो सातवीपर्यंत 'आळशी' होता. शाळेत आणि घरातही, मी स्वतः म्हणायचे. वाचताना काना-मात्रा गाळायचा, 'ष' चा 'प' करायचा, ओळ संपली की पुन्हा त्याच ओळीवर यायचा. तोंडी विचारलं तर सगळं यायचं, म्हणून आणखीच राग. डायरीत लाल शाईने शेरे: 'ध्यान नहीं देता', 'लापरवाह'. मी त्या शेऱ्यांखाली सही करत गेले. सातवीत तो रात्री अंथरूण ओलं करायला लागला. तेरा वर्षांचा मुलगा. चादर स्वतः धुवायचा, आम्हाला कळू नये म्हणून पहाटे उठून.

नव्या हिंदीच्या मॅडम आल्या, त्यांनी एकदा त्याला वाचायला लावलं आणि शेरा न लिहिता मला फोन केला. म्हणाल्या, "हा प्रयत्न करतोय, मला दिसतंय. याला वाचायला त्रास होतोय, तपासून घेऊ या." प्रयत्न करतोय, हे त्याच्याबद्दल सात वर्षांत कुणी पहिल्यांदा म्हणत होतं. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. २०१६ च्या दिव्यांगजन कायद्यात हे येतं, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं, बोर्डाला जादा वेळ मिळाला. पण वेळेपेक्षाही, आपण ढ नाही हे त्याला कळलं. अंथरूण ओलं होणं तीन महिन्यांत थांबलं. मन बिघडलं म्हणून अभ्यास होत नाही असं सगळे म्हणायचे, माझ्या मुलाचं उलट होतं. वाचता येत नव्हतं आणि रोज अपमान होत होता, म्हणून मन बिघडलं होतं.

तर एवढं मागा: जो समुपदेशक येईल त्याला हे ओळखता यायला हवं, निदान शंका तरी यायला हवी. आणि शाळेतून फोन करताना पहिलं वाक्य काय असावं ते शिक्षकांना शिकवा. शाळेचा नंबर दिसला की आम्हा आयांचे हातपाय गार पडतात. फी राहिली का, मारामारी केली का, पडला का. तेव्हा "घाबरू नका, तो ठीक आहे" हे आधी म्हणा. मग बाकीचं.

वाचनखोली

बैठक काल झाली. तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

पान आम्ही दोघींनी चार वेळा लिहिलं. शेवटी असं झालं: मंगळवार-शुक्रवार येणारा प्रशिक्षित समुपदेशक, दुसऱ्या एका ट्रस्टच्या शाळेबरोबर मिळून. मराठी आणि हिंदी दोन्ही येणारा, हे मी मुद्दाम घातलं, त्या मुलीच्या रडण्यावरून. खोली जिन्यापलीकडची, जिथे जुने नकाशे आणि ढोल ठेवतात. तिचं दार वाचनालयातून उघडतं, त्यामुळे आत जाणारं मूल पुस्तकालाच चाललंय असं वाटेल. फलकावरून माझं नाव काढून १४४१६ आणि १०९८. गुप्ततेची हद्द एका कागदावर, निवांत ताईंच्या शब्दांत, खोलीत लावायची. पोक्सोचं प्राचार्यांनी स्वतः वाचून दाखवलं. डॉक्टरांची वाट लिहून ठेवायची जबाबदारी मी घेतली. सर्व कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण. क तुकडी बंद.

काकांनी विचारलंच, किती मुलं असतील. मी म्हटलं, वरच्या वर्गांत मिळून पंधरा. ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, माझा धाकटा भाऊ होता तेव्हा असं काही नव्हतं. पुढे कुणी काही विचारलं नाही. दोन दिवसांच्या माणसाला आणि खोलीला मंजुरी मिळाली.

क तुकडीचं पुढच्या वर्षावर ढकललं. दहावी_ब सर, मी सोडणार नाही.

मुलीचं. वर्गशिक्षिका आणि मी तिला वेगवेगळ्या भेटलो, वाचनालयात, शाळा सुटल्यावर, कुणी नसताना. मी तिला म्हटलं, "मी तुला न विचारता सांगितलं. चुकलं माझं." तिने काही उत्तर दिलं नाही. बॅगेतून पक्ष्यांचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि दंड किती झाला विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तिने ते परत उचललं आणि पुन्हा नावावर लिहायला सांगितलं. घरचं जे आहे त्याबद्दल आम्ही आता तिच्याशी ठरवून पुढे चाललोय, त्याहून जास्त लिहीत नाही.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस सोमवार ठरला, साडेदहा. यादीत मी घंटा वाजवणाऱ्या मावशी आणि तिन्ही व्हॅनवाले दादा यांची नावं घातली. ट्रस्टमधल्या एकांना ते पटलं नाही, शिपायांना कशाला, म्हणाले. पण चाचणीच्या दिवशी नळाजवळ कोण उलट्या करतं ते मावशींना माहीत आहे, आणि शाळेच्या फाटकाशी व्हॅन थांबल्यावर कोण शेवटी उतरतं ते दादांना. निकालात शिक्षकेतर कर्मचारी असं स्पष्ट लिहिलेलं आहे, ते दाखवलं.

आज दुपारी मावशी वाचनालयात आल्या. दारातच उभ्या राहून विचारलं, "सोमवारी वही-पेन आणायचं का? मला लिहिता थोडंच येतं." मी म्हटलं, वही मी देते, तुम्ही फक्त बसा माझ्या शेजारी.